सरदार मिळणार नाही

थोरलीला लहानपणापासून दोन गोष्टी कधी जमल्या नाहीत. गप्प बसणं आणि मोठं माणूस म्हणतंय म्हणून मान डोलावणं. तिच्या धाकट्या बहिणीला दोन्ही छान जमायचं, म्हणून ती सासरी सुखात आहे, असं नातेवाईक थोरलीच्या तोंडावर सांगत. थोरलीनंही लग्न केलं, पण माहेर सोडलं नाही. नवऱ्यालाच घरी आणलं. तो ट्रक चालवायचा, आणि सासऱ्याच्या घरात राहण्याची त्याला कणभरही लाज नव्हती. "वेळेवर जेवण आणि शांत झोप मिळाली की कुणाचंही घर माझंच," असं तो ज्याला त्याला सांगायचा.

घर बैठं, वस्तीच्या अगदी टोकाला. मागच्या दारातून बाहेर पडलं की समोर डुकरांची लांबलचक शेड. सिमेंटची उतरती जमीन, दोन्ही बाजूंनी पाइपांची फाटकं, मधून बोळ, आणि शेवटच्या खणात पैदाशीचा नर. सकाळी पाण्याचा फवारा मारून जमीन धुतली की थोडा वेळ तिथं ओल्या सिमेंटचा वास यायचा, मग पुन्हा नेहमीचा. सवय नसलेला पाहुणा नाकाला रुमाल लावायचा. थोरली त्याला मुद्दाम शेवटच्या खणापर्यंत घेऊन जायची.

ही शेड म्हणजे अप्पांची आयुष्यभराची कमाई. अप्पा म्हणजे थोरलीचे वडील. त्यांनी जोपासलेली डुकरं आसपासच्या सगळ्या पैदासकारांत 'अप्पांचा वाण' म्हणून ओळखली जात. भरलेल्या मांड्या, रुंद पाठ, चरबी नावापुरती. कत्तलखान्यात या जनावरांना कायम वरची प्रत मिळायची. पैदासकारांनी मिळून सोसायटी काढली, तेव्हा तिच्या केंद्रावर ठेवायचा नर अप्पांच्याच शेडमधून जायचा, हे कुणी ठरवलं नव्हतं, पण तसंच चालत आलं होतं. त्या एका नराचं वीर्य सगळ्या सभासदांच्या माद्यांना मिळायचं. म्हणजे अप्पांच्या शेडमधला मुलगा घरोघरी जावई व्हायचा, असं काका म्हणत. काका हे अप्पांचे धाकटे भाऊ आणि सोसायटीचे अध्यक्ष. त्यांना डुकरांपेक्षा सभा जास्त आवडायच्या.

नर निवडण्याची अप्पांची स्वतःची पद्धत होती. आईपासून तोडलेली पिल्लं एका खणात घ्यायची, आधी हातानं मांड्या चाचपायच्या, पाठ दाबून बघायची. मग कुणाच्या ध्यानीमनी नसताना मागून पत्र्याचं झाकण दाणकन वाजवायचं. बाकीची पिल्लं किंचाळत कोपऱ्यात पळायची आणि क्षणात सगळं विसरून तिथंच एकमेकांचे कान चावत बसायची. एखादं मात्र जागच्या जागी ताठ उभं राहायचं. पाय काठीसारखे, आणि शेपटी थरथर, थरथर. "हे बघ, हे रक्त!" अप्पा म्हणायचे, आणि त्याच्या पाठीवर निळ्या खडूची रेघ ओढायचे. ते पिल्लू पुढचा नर.

झाकण वाजवायचं काम लहानपणी थोरलीकडे असायचं, आणि ती ते जीव लावून वाजवायची. पुढे अप्पांचे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा चाचपणं आणि रेघ ओढणंही तिच्याकडे आलं. सरदार हा तिनं एकटीनं निवडलेला पहिला नर. मोठा झाल्यावर असा दिसायला लागला की अप्पा खुर्ची टाकून त्याच्यासमोर बसायचे. "माझी नजर हिच्यात उतरली," हे वाक्य त्यांनी पोस्टमनपासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांना ऐकवलं होतं. थोरलीला त्या वाक्याचा इतका अभिमान होता की ती ते ऐकूनही ऐकलं नाही असं दाखवायची.

त्यानंतर ट्रकमधली जनावरं मरायला लागली.

तसं एखाददुसरं आधीही मरायचं. ऊन, गर्दी, वाटेतले खड्डे, कारणांना तोटा नव्हता. पण सरदारची पिल्लं विक्रीला जायला लागल्यापासून जवळपास दर खेपेला काहीतरी घडायचं. जनावर चढताना धापा टाकायचं, अंगावर तांबडे-पांढरे चट्टे उठायचे आणि कत्तलखान्याच्या दारात ट्रकची फळी खाली टाकावी तर ते लाकडासारखं कडक होऊन पडलेलं. नवरा एक दिवस घरी आला तो हातपाय न धुता पायरीवरच बसला. "मी ट्रक चालवतो की शववाहिका, एवढं मला कुणीतरी सांगा," तो म्हणाला. हसत म्हणाला, पण त्याचा चेहरा उतरला होता. तो जनावरांना वाटेत थांबून पाणी मारणारा माणूस होता.

जी जिवंत पोचायची त्यांच्याबद्दलही तक्रार यायला लागली. खाटकानं थोरलीला दुकानात बोलावून मांसाचा तुकडाच दाखवला. फिकट, लिबलिबीत, आणि थाळीत खाली पाणी साचलेलं. "तव्यावर टाकलं की निम्मं उरतं. गिऱ्हाईक मला शिव्या घालतं, मी कुणाला घालू?" तो म्हणाला. मग सगळ्यांनी आपापल्या सोयीचा दोषी शोधला. खाटकानं ड्रायव्हरवर ढकललं, ड्रायव्हरनं खाद्यावर, खाद्यवाल्यानं पाण्यावर. अप्पांनी सांगितलं की हल्लीची जनावरं नाजूक झालीत कारण हल्लीची माणसं नाजूक झालीत. काकांनी हवामानावर घातलं. हवामान उलट बोलत नाही.

थोरलीचं कशानंच समाधान होईना. जनावरांची एक तरुण डॉक्टर लसी द्यायला यायची, तिला तिनं बोळातच गाठलं. डॉक्टर सगळं ऐकून म्हणाली, "केस उपटून द्या. मुळासकट. प्रत्येक जनावराचे वेगळे, कानातल्या बिल्ल्याचा नंबर घालून. लॅबमध्ये एक जनुकीय मार्कर तपासता येतो." डुकराचा राठ केस मुळासकट उपटणं म्हणजे काय, ते उपटणाऱ्यालाच कळतं. नवऱ्यानं धरायचं, थोरलीनं चिमट्यानं ओढायचं, आणि डुकरानं सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं ओरडायचं, अशी विभागणी होती. सरदारचे केस तिनं स्वतः हळूच, त्याला खाजवत खाजवत काढले. त्यालाच काही होऊ नये असं तिला वाटत होतं.

निकाल घेऊन डॉक्टर स्वतः आली. सरदारमध्ये दोष होता. त्या जनुकाची एक प्रत आईकडून, एक बापाकडून, अशा दोन्ही प्रती सदोष. माद्यांपैकीही बऱ्याच जणींत एकेक सदोष प्रत होती.

"म्हणजे नेमकं काय?" थोरलीनं विचारलं.

"स्नायूत एक नळ असतो असं समजा. जनावर घाबरलं की उघडतो, भीती गेली की बंद होतो. या जनावरांचा नळ बंदच होत नाही. अंग तापत जातं, स्नायू आखडतात. कधी त्यातच मरतं. आणि कापलं तर मांस पाणी सोडतं. गंमत म्हणजे याच जनुकामुळे मांड्या भरतात आणि चरबी कमी राहते. त्यामुळे दिसायला सगळ्यात देखणं तेच असतं."

"घाबरल्यावर आधी काय होतं?"

"शेपटी थरथरते. पहिलं लक्षण तेच. मग पाय ताठ होतात."

थोरली बोळात उकिडवी बसली. डॉक्टरला वाटलं चक्कर आली, तिनं पाणी आणायला हाक मारली. चक्कर नव्हती. आपण इतकी वर्षं झाकण वाजवून, निवडून निवडून, नेमका आजार बाजूला काढला आणि त्याला बाप केला, हे तिला एका दमात कळलं होतं. बाकीची पिल्लं कोपऱ्यात पळून विसरून जायची, ती निरोगी होती. त्यांना कुणी रेघ ओढली नाही.

आता हे अप्पांना सांगणं आलं. नवरा म्हणाला, "जेवण झाल्यावर सांग." डॉक्टर म्हणाली, "मी सांगू का?" थोरलीनं कुणाचं ऐकलं नाही. अप्पा नळावर बूट धूत होते, तिथंच जाऊन तिनं सगळं सरळ सांगून टाकलं. अप्पांनी नळ बंद केला नाही. पाणी वाहत राहिलं.

"म्हणजे मी जन्मभर रोग निवडत आलो म्हणतेस?"

"आपण निवडत आलो, अप्पा."

"आपण नाही. पद्धत माझी आहे. तू जन्मली नव्हतीस तेव्हाची." त्यांनी बूट खाली ठेवला. "चार केस उपटलेस आणि बापाला मूर्ख ठरवलंस."

"मूर्ख नाही म्हटलं मी. सरदार तर मीच—"

"सरदारला हात लावायचा नाही."

"हात नाही लावत. पण आजपासून एकाही मादीकडे त्याला नेणार नाही."

अप्पा आत गेले. त्या दिवसापासून त्यांनी शेडमध्ये पाऊल टाकलं नाही आणि थोरलीशी बोलणं टाकलं. काही सांगायचंच असेल तर जावयामार्फत. ती समोर बसलेली असली तरी "जावईबापू, बाईसाहेबांना सांगा, वरणात मीठ पडलेलं नाही." जावईबापू गंभीर चेहऱ्यानं निरोप द्यायचे, उत्तर घ्यायचे, आणि मध्ये आपली पोळी संपवायचे. लांबून पाहणाऱ्याला हे विनोदी वाटलं असतं. थोरलीला रात्री उशीत तोंड खुपसून रडू यायचं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचाच राग यायचा. पण सरदारचं फाटक तिनं उघडलं नाही.

नवा नर शोधायला ती कुठं कुठं गेली. लोक मांड्या बघून नर विकत घेतात, ही बाई केस मागायची. काही ठिकाणी हाकलून दिलं, काही ठिकाणी चहा पाजून हाकललं. शेवटी एका म्हाताऱ्या जोडप्याकडे तिला तो सापडला. डॉक्टरनं सांगितलेल्या सगळ्या मार्करांत स्वच्छ. जो दोष शोधायचा तो नाही, आणि मांस पाणी धरून ठेवील, मऊ राहील अशी लक्षणं आई-बाप दोघांकडून आलेली. दिसायला मात्र आनंदच होता. कान डोळ्यांवर लोंबणारे, पोट सुटलेलं, चाल पेंगुळलेली. ट्रकमधून उतरताना तो फळीवर मध्येच थांबला आणि चक्क झोपला. नवऱ्यानं जागेवरच त्याचं नाव भोपळ्या ठेवलं. बघायला आलेल्या एका सभासदानं विचारलं, "नर आणलाय की गादी?"

"गादी असली तरी रोगट नाही," थोरली म्हणाली.

वर्ष गेलं. भोपळ्याची पिल्लं वाढली, ट्रकमध्ये चढली आणि सगळीच्या सगळी चालत उतरली. नवरा फळी टाकून प्रत्येकाला नमस्कार करत होता म्हणे. खाटकानं तुकडा थाळीत ठेवला, दुकान आवरेपर्यंत तसाच राहू दिला, आणि थाळी कोरडी निघाली. रंग चांगला गुलाबी. त्यानं फोन करून एवढंच विचारलं, "पुढचं जनावर कधी?" अर्थात मांड्या थोड्या कमी भरायच्या आणि चरबी थोडी जास्त यायची, त्यामुळे कत्तलखान्याची प्रत एका पायरीनं उतरली. हे थोरलीनं लपवलं नाही. भोपळ्याच्या मुलींचेही केस तपासून स्वच्छ तेवढ्या पैदाशीला ठेवायच्या, असं तिचं काम शांतपणे चालू झालं.

ते शांतपणे चालू राहिलं असतं, पण सोसायटीच्या केंद्रावरचा नर गेला. तोही अप्पांच्याच वाणाचा. खुरं कापायला चौघांनी धरला आणि धरल्या धरल्या संपला. काकांनी सभा लावली. विषय एकच, सरदारला केंद्रावर आणणे.

थोरली सभेत उभी राहिली. अध्यक्षांच्या परवानगीची तिनं वाट बघितली नाही. सरदारमध्ये काय आहे, केंद्रावरचा नर कशानं गेला असेल, ट्रकमध्ये काय मरतंय आणि खाटीक काय दाखवतात, सगळं बोलली. झाकणाचंही बोलली, आणि झाकण कोण वाजवायचं तेही. "आपापल्या जनावरांचे केस तपासून घ्या. मी उपटायला येते. भोपळ्याचं वीर्य ज्याला हवं त्याला देते," असं म्हणून ती थांबली. मग मागून कुणीतरी 'गादीवाली' म्हणालं आणि सगळे हसले. हसण्यात सुटका होती, हे तिच्या लक्षात आलं. कुणालाच आपल्या शेडकडे तसं बघायचं नव्हतं.

काकांनी तिला बाहेर व्हरांड्यात नेलं. ते वाईट माणूस नव्हते. "अगं, समजून घे जरा. सगळ्यांची घरं या वाणावर उभी आहेत. मी त्यांना सांगू की तुमच्या दारातलं प्रत्येक जनावर सदोष आहे? उद्या कोण विकत घेईल?"

"आज ट्रकमध्ये मरतंय ते कोण विकत घेतंय?"

"आणि दादाचं नाव? वाणाला नाव दादाचं आहे. तू तुझ्या हातानं त्याला काळं फासतेस."

"नावासाठी जनावरं मारायची का, काका?"

काकांचा आवाज बदलला. "सरदार उद्या सकाळी केंद्रावर येईल. नाही आला तर सोसायटीचं खाद्य बंद आणि कत्तलखान्यात तुम्हाला नेमून दिलेला वारही बंद. मग घेऊन बस तुझ्या भोपळ्याला मांडीवर."

"बसेन," थोरली म्हणाली.

सकाळी ट्रॉली आली. काका पुढं, मागं चार सभासद, हातात फळ्या आणि दोर. शेडच्या दर्शनी फाटकाजवळच्या बाकावर अप्पा नेहमीसारखे शेडकडे पाठ करून बसले होते. थोरलीनं फाटकाला कडी घातली आणि पाठ लावून उभी राहिली. नवरा तिच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि त्यानं उगाचच बाह्या सरसावल्या. उभ्या आयुष्यात त्यानं कुणाला चापट मारली नव्हती.

"बाजूला हो," काका म्हणाले.

"सरदार मिळणार नाही."

"शेड दादाची आहे, तुझी नाही." काका बाकाकडे वळले. "दादा, तुम्हीच सांगा हिला. तुमच्याच हातचा वाण आहे."

थोरलीनं अप्पांकडे बघितलं नाही. समोर बघतच ती मोठ्यानं म्हणाली, "अप्पा, तुम्ही सांगितलंत तरी मी देणार नाही. रागवा, घरातून काढा, पण देणार नाही."

अप्पा उठले. गुडघ्यांवर हात ठेवून सावकाश उठले आणि फाटकाशी आले. सगळ्यांना वाटलं कडी काढायला आले. त्यांनी पाइपांमधून आत नजर टाकली. बोळाच्या तोंडाशी भोपळ्या सकाळच्या उन्हात आडवा पसरला होता. वर्षभरात अप्पांनी त्याला पहिल्यांदाच बघितलं.

"कुठला नर न्यायला आलात?" त्यांनी विचारलं.

"कुठला म्हणजे? सरदार."

"सरदार नर नाही. म्हातारपणी मी सांभाळलेलं जनावर आहे ते. माझ्या शेडमध्ये नर एकच आहे." त्यांनी भोपळ्याकडे बोट केलं. "हा न्यायचा तर न्या. नाहीतर ट्रॉली रिकामी न्या."

"दादा, अहो, वाण तुमचा—"

"माझाच आहे. चूक झाली असेल तर तीही माझी आहे. ती गावभर वाटायचा हक्क मी तुला कधी दिला? परत फिर."

काका ट्रॉलीकडे वळले. जाताना एवढंच म्हणाले की वार बंद म्हणजे बंद. ट्रॉली रिकामी गेली. नवऱ्यानं बाह्या खाली केल्या आणि चहा टाकायला आत पळाला.

अप्पा फाटकाला धरून तसेच उभे होते. "तुझं बरोबर आहे असं मी म्हटलेलं नाही," ते म्हणाले. मध्ये जावई नव्हता. थेट तिलाच म्हणाले.

"माहितेय."

"घरच्या पोरीला चारचौघांत खोटं पाडायचं नसतं, म्हणून बोललो."

"हो, अप्पा."

मग अप्पांनी तिच्याकडे न बघता विचारलं, "ट्रकमध्ये ती जी सगळी गेली. आधीचीसुद्धा, उन्हानं गेली म्हणायचो ती. ती माझ्यामुळेच गेली ना?"

नाही म्हणणं सोपं होतं. तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, असं म्हणणंही सोपं होतं, आणि ते खरंही होतं. म्हातारं माणूस होतं समोर, आणि वर्षभरानं बोललं होतं. पण काल जे सगळ्या सभेला तोंडावर सांगितलं, ते बापापासून चोरायचं तिला पटेना.

"हो," ती म्हणाली. "तुमच्यामुळे आणि माझ्यामुळे."

अप्पांनी मान हलवली. दोनदा हलवली. डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. मग फाटकाची कडी नीट बसली आहे ना, ते हात लावून बघितलं आणि बाक ओढून फाटकाच्या बरोबर मध्ये आणून ठेवला.

"तुझा काका उद्या पुन्हा येईल, माणसं वाढवून येईल," ते बसत म्हणाले. "येऊ दे. इथं मी बसतो. तू आत जा, तुझी कामं पडलीत."